गढूळ पाण्यातला शोध: उतरायच्या आधी दोरी धरायला शिका

पोलिसांचा किंवा रेस्क्यू टीमचा डायव्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर निळंशार पाणी येतं, हातात टॉर्च, आजूबाजूला मासे वगैरे. खरं तर यातली बहुतेक कामं अशा पाण्यात असतात की तळाशी पोचल्यावर स्वतःचा हात मास्कच्या काचेला टेकवला तरी दिसत नाही. टॉर्च लावला तर धुक्यात गाडीचे हेडलाइट लावल्यासारखं होतं, सगळीकडे तपकिरी उजेड आणि दिसत काहीच नाही. म्हणून या कामात डोळे घरी ठेवून जायचं असतं असं आम्ही गमतीने म्हणतो, शोध हातांनी घ्यायचा आणि रस्ता दोरीने शोधायचा.

आणि दोरीचं दुसरं टोक ज्याच्या हातात आहे ना, शोध खरं म्हणजे तो घेत असतो. खालचा माणूस आंधळा असतो, त्याला आपण सरळ जातोय की गोल फिरतोय हेही कळत नाही. कुठपर्यंत शोधून झालं, काय राहिलं, आता कुठे वळायचं हे सगळं वरच्याला माहीत असतं. त्यामुळे नवीन आलेल्या पोराला मी आधी पाण्यात सोडत नाही, आधी दोरी धरायला लावतो. थोडा रुसतो, पण चालतं.

हे वाचून कोणी लगेच नदीत उतरू नका हे आधीच सांगतो. साधा ओपन वॉटर कोर्स, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स, मग रेस्क्यू कोर्स, ड्रायसूट म्हणजे अंगाला पाणी न लागू देणारा सूट, फुल फेस मास्क म्हणजे पूर्ण चेहरा झाकणारा मास्क आणि मग टीमबरोबर सराव, असा क्रम आहे. सुट्टीत समुद्रात पन्नास डाइव्ह मारलेला माणूस इथे उपयोगाचा असतोच असं नाही, उलट त्याला दिसण्याची सवय लागलेली असते आणि दिसायचं बंद झालं की तो घाबरतो.

पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं

घटनास्थळी पोचलात की सगळे ओरडत असतात, कोणीतरी रडत असतं, कोणी म्हणतं इथे बुडाला, कोणी म्हणतं तिथे. या गोंधळात पहिला प्रश्न हा की आपण माणूस वाचवायला आलोय की मृतदेह किंवा वस्तू काढायला आलोय, कारण किती धोका पत्करायचा ते त्यावर ठरतं. संशोधनातून आलेला एक ढोबळ हिशोब बऱ्याच ठिकाणी वापरतात तो असा की पाणी ६ अंश सेल्सियसपेक्षा गरम असेल आणि माणूस ३० मिनिटांपेक्षा जास्त वेळ पाण्याखाली असेल तर जिवंत निघण्याची शक्यता फारच कमी, आणि पाणी ६ अंश किंवा त्याखाली असेल तर ती मर्यादा ९० मिनिटांपर्यंत जाते. थंड पाण्यात शरीर, त्यातही मेंदू, पटकन गार पडतो आणि त्याची ऑक्सिजनची गरज कमी होते म्हणून. १९९९ मध्ये नॉर्वेत एक डॉक्टर बाई स्कीइंग करताना बर्फाखालच्या ओढ्यात ८० मिनिटं अडकली होती, तिच्या शरीराचं तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरलं होतं आणि तरी ती वाचली. पण तिला सुरुवातीला बर्फाखाली हवेची पोकळी सापडली होती हे लोक सांगायचं विसरतात.

ही वेळ उलटून गेली असेल तर घाई संपली. हे तिथे उभ्या असलेल्या नातेवाइकांना सांगणं फार अवघड आहे पण टीमच्या मनात ते स्पष्ट हवं. रात्र झाली, प्रवाह वाढला, सामान अपुरं आहे तर सकाळी उतरा. मृतदेहासाठी डायव्हरचा जीव धोक्यात घालायचा नाही, यावर माझ्याशी कोणी वाद घालू नये.

आणि माणूस अजून वर तरंगत हातपाय मारत असेल तर तिथे डायव्हिंगचा संबंधच नाही. आधी काठावरून काठी किंवा हात द्या, नाही पोचला तर दोरी किंवा फ्लोट फेका, मग होडी, आणि पोहत जाणं सगळ्यात शेवटी.

साक्षीदार हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात फसवा माणूस. पाण्यावरचं अंतर डोळ्यांना नीट कळत नाही, त्यात तो घाबरलेला. त्याला पोलीस चौकीत किंवा गाडीत बसवून विचारू नका, जिथून त्याने बघितलं बरोबर तिथेच उभं करा, मुलगा बसला होता तर बसवा. मग एक होडी किंवा फ्लोट घेतलेला पोहणारा पाण्यात पाठवा आणि साक्षीदाराला सांगू द्या, डावीकडे, अजून थोडं पुढे, बस. त्याच वेळी काठावरून त्या दिशेत पलीकडचं एखादं झाड किंवा खांब लक्षात ठेवायचा. दुसरा साक्षीदार असेल तर त्याला वेगळं उभं करून वेगळं विचारा, दोघांना एकमेकांचं ऐकू देऊ नका नाहीतर दोघांची गोष्ट एक होऊन जाते. दोन दिशांच्या रेषा जिथे छेदतात तिथे बॉय, म्हणजे खुणेचा तरंगता गोळा, टाका. वाहत नसलेल्या पाण्यात बुडालेला माणूस बहुतेकदा शेवटच्या दिसलेल्या जागेच्या जवळच तळाला जातो, ढोबळमानाने पाणी जितकं खोल तितक्याच त्रिज्येच्या आत. म्हणजे ६ मीटर खोल पाण्यात तुमचं वर्तुळ ६ मीटरचं आहे, अख्खा तलाव नाही. ही पंधरा मिनिटं वाचवायला गेलात की नंतर दोन दिवस जातात.

कोण कुठे

एका डायव्हरच्या मागे किमान तीन माणसं हवीत. एक दोरी धरणारा, ज्याला टेंडर म्हणतात. एक राखीव डायव्हर, जो पूर्ण सूट घालून, सिलिंडर पाठीवर, फक्त मास्क लावायचा बाकी, असा बसलेला असतो, आणि तो खरंच बसलेला असतो, चहा आणायला गेलेला नसतो. आणि एक सुपरवायझर, जो कशालाच हात लावत नाही, फक्त बघतो. सुपरवायझरने हातात दोरी घेतली की सुपरवायझर संपला. शक्य असेल तर चौथा माणूस नकाशा आणि वेळ लिहायला हवा. वाहतं पाणी असेल तर खालच्या बाजूला थ्रो बॅग, म्हणजे फेकायच्या दोरीची पिशवी, घेऊन एक जण आणि वरच्या बाजूला ओंडके वगैरे येतायत का बघायला एक जण, हे वेगळे.

दोरी बॉयन्सी जॅकेटला, म्हणजे हवा भरून तरंगायला मदत करणाऱ्या जॅकेटला, बांधायची नाही. कारण कुठे अडकलात आणि जॅकेट काढावं लागलं तर दोरी जॅकेटबरोबर जाईल आणि तुम्ही राहाल. जॅकेटच्या आत वेगळा हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे पट्टे, घालायचा, त्याला पुढून लॉक होणारा कॅरबिनर, म्हणजे दोरी अडकवायची धातूची कडी. दोरी तरंगणारी असली तर बरं, तळाला कमी अडकते. दर मीटरला खूण असलेली. आणि फार लांब सोडू नका, साधारण ४५ मीटरच्या पुढे इशारे नीट पोचत नाहीत, दोरी मध्येच झोल खाते. मोठा भाग शोधायचा असेल तर टेंडरने जागा बदलायची किंवा होडी नांगरून तिच्यावरून काम करायचं. वाहत्या पाण्यात मात्र साधी गाठ किंवा लॉक कॅरबिनर नको, तिथे ओढताच सुटणारा हार्नेस लागतो आणि त्याचं वेगळं ट्रेनिंग असतं.

इशारे प्रत्येक टीमचे थोडेफार वेगळे असतात, तुमच्या टीमचे जे असतील ते पाठ करा, पण बऱ्याच ठिकाणी चालणारे हे:

टेंडरकडून डायव्हरला: १ ओढ म्हणजे ठीक आहेस का, २ ओढी म्हणजे थांब, दिशा बदल, ३ ओढी म्हणजे परत ये, ४ ओढी म्हणजे जागेवर थांब, धोका आहे.

डायव्हरकडून टेंडरला: १ म्हणजे ठीक आहे, २ म्हणजे दोरी सोड, ३ म्हणजे काहीतरी सापडलं, ४ किंवा जास्त म्हणजे मदत पाठव.

ओढ म्हणजे झटका नाही. आधी दोरीतला झोल काढायचा, डायव्हरचं वजन हाताला लागलं पाहिजे, मग लांब आणि स्पष्ट ओढ द्यायची. डायव्हरने उत्तर दिलं की समजायचं पोचलं. उत्तर नाही आलं तर पुन्हा एकदा, तरीही नाही तर राखीव डायव्हर पाण्यात. इथे "बघू जरा वेळ" चालत नाही. फुल फेस मास्कमध्ये बोलायची सोय असली तरी दोरीचे इशारे चालूच ठेवायचे, कारण इलेक्ट्रॉनिक वस्तू नेमक्या त्याच दिवशी बंद पडतात.

सराव जमिनीवर करा. मैदानात गवत असेल तर उत्तम, डोळ्याला पट्टी बांधा, रांगत जा, दुसऱ्याने दोरी धरायची आणि गवतात टाकलेला एक बोल्ट शोधायचा. लोक हसतात पण पाण्यातल्या निम्म्या चुका तिथेच दिसतात. दोरी ढिली सोडणं, लवकर वळवणं, मोजायचं विसरणं. मग स्वच्छ स्विमिंग पूलमध्ये मास्कला काळा कागद लावून तेच, वरचे लोक बघतायत आणि तुम्हाला दिसत नाहीये असं. मी पहिल्यांदा असं केलं तेव्हा मला खात्री होती की मी सरळ रेषेत पूल पार केलाय, वर आलो तर जिथून निघालो तिथेच होतो.

शोध कसा फिरवायचा

काठावरून सगळ्यात कामाची पद्धत म्हणजे कंस. टेंडर एका ठिकाणी खुंटीसारखा उभा, दोरी ताणलेली, डायव्हर तिच्या टोकाला डावीकडून उजवीकडे जातो, म्हणजे घड्याळाचा काटा फिरतो तसा. कडेला पोचला की टेंडर दोन ओढी देतो, एक मीटर दोरी आत घेतो, डायव्हर वळतो आणि परत उलटा जातो. मोठ्या माणसाला शोधताना दोन कंसांत मीटरभर अंतर चालतं, पिस्तूल किंवा काडतूस असेल तर ३० सेंटीमीटरच्या आत घ्यावं लागतं, कारण हाताची पोच आणि हाताचं लक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोरी कायम ताणलेली हवी. ती ढिली पडली की कंस राहत नाही, डायव्हर आत सरकतो आणि मध्ये पट्टा सुटतो, आणि नेमकी वस्तू त्या पट्ट्यात असते, हा नियम कुठेही लिहिलेला नाही पण तसंच होतं.

लांबून आत यायचं की जवळून लांब जायचं यावर लोक भांडतात. मला लांबून आत आवडतं कारण दोरी आवरत येणं टेंडरला सोपं जातं. पण लहान मूल काठावरून नाहीसं झालं असेल तर मी जवळून सुरुवात करतो, ते बहुतेक वेळा काठाच्या दोन पावलांवर असतं आणि आपण मधल्या डोहात शोधत बसतो.

उघड्या पाण्यात नांगर टाकून त्याभोवती गोल फिरणं चालतं. तळ सपाट असेल आणि भाग मोठा असेल तर दोन समांतर दोऱ्या तळाला ताणून त्यांच्यामध्ये तिसरी सरकवत जायचं, याला जॅकस्टे म्हणतात, वेळखाऊ आहे पण कोर्टात "हा सगळा भाग तपासला" असं छातीठोक सांगता येतं. धक्का किंवा भिंत असेल तर टेंडर वरून चालत जातो आणि डायव्हर खालून भिंतीला समांतर.

हात कसा फिरवायचा तेही सांगतो. हातमोजे जाड हवेत, कारण तळाला काचा, पत्रा, सुया, गळ सगळं असतं, पण इतके जाड नकोत की दगड आणि लोखंड यातला फरक कळणार नाही. हात पुढे झोकायचे नाहीत, एक हात डोक्यासमोर आडवा धरून, दुसरा हळू अर्धवर्तुळात तळावर थापटत. गाळ मऊ असेल तर बोटं आत घालून. पायातले फिन कमीत कमी हलवायचे. वजन नेहमीपेक्षा थोडं जास्त लावतात म्हणजे तळाला बसून राहता येतं, मात्र ते एका हाताने टाकून देता आलं पाहिजे.

अंधारात चक्कर येते, वर कुठे आणि खाली कुठे कळत नाही. तेव्हा थांबायचं, श्वास सोडायचा आणि बुडबुडे गालावरून कुठल्या बाजूला जातायत ते बघायचं, म्हणजे जाणवून घ्यायचं. ती बाजू वर.

सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी तळाचं चित्र दाखवणारं यंत्र, असेल तर आधी तो फिरवा. होडीमागे ओढायचा साइड स्कॅन सोनार तासाभरात जेवढा तळ बघतो तेवढा डायव्हरला दिवसभरात होत नाही. त्यात वस्तूपेक्षा तिची सावली बघायला शिका, आकार सावलीत जास्त कळतो. ओंडका आणि माणूस दोन्ही सोनारवर लांबट उजळ रेघच दिसतात, सावली फरक सांगते. वासावर शोधणारी कुत्री होडीवरून पाण्याखालचा मृतदेह सुचवू शकतात, पण वास प्रवाहाबरोबर आणि वाऱ्याबरोबर सरकतो, त्यामुळे कुत्रा भुंकला ती जागा म्हणजे मृतदेहाची जागा असं धरू नका.

हवेचा हिशोब

हा काठावर करायचा, खाली नाही. १२ लिटरचा सिलिंडर २०० बार दाबाला भरलेला असेल तर त्यात २४०० लिटर हवा. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटरच्या आसपास घेतो. काम करताना ३० धरा, घाबरला तर ४० च्या वर सहज जातो. आता दर १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो, म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट आणि हवाही दुप्पट जाते, मिनिटाला ६० लिटर. एक तृतीयांश म्हणजे ८०० लिटर राखीव ठेवले तर उरले १६००, भागिले ६०, साधारण २६ मिनिटं. म्हणून बऱ्याच टीम एका डायव्हरला २० मिनिटांच्या वर खाली ठेवतच नाहीत, तेवढ्या वेळात हातही बधिर होतात आणि लक्षही उडतं.

गेज दिसत नाही ही खरी अडचण. काहींकडे मास्कच्या आत दाब दाखवणारा डिस्प्ले असतो. नसेल तर गेज काचेला चिकटवून मागून टॉर्च. तरी नाही दिसलं तर एक जुनी युक्ती आहे, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत स्वच्छ पाणी भरून ती मास्क आणि गेजच्या मध्ये दाबायची, मधलं गढूळ पाणी बाजूला होतं आणि आकडा दिसतो. दर ५ मिनिटांनी डायव्हरने दाब कळवायचा आणि टेंडरने लिहायचा.

दुसरा सिलिंडर, छोटा का होईना, स्वतंत्र रेग्युलेटरसह, म्हणजे श्वास घ्यायच्या वेगळ्या यंत्रासह, प्रत्येकाकडे हवाच. २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेतून १२ मुलं आणि त्यांचा कोच निघाले ते सगळ्यांना आठवतं, पण त्याआधी सामान गुहेत पोचवून परत येताना नौदलाचा माजी डायव्हर समान गुनान गेला, तो अनुभवी माणूस होता. दाखवण्यापुरता छोटा सिलिंडर लावू नका, तो उघडा करून, त्यावर श्वास घेऊन, तोंडातलं बदलून सराव करा, डोळे मिटून.

वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नको, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा. "आपण तर चार मीटरवरच काम करतो, आपल्याला काय होणार" असं म्हणणारे भेटतात, त्यांना सांगा की श्वास रोखून वर आलं तर सव्वा मीटरवरूनसुद्धा फुप्फुसाला इजा होऊ शकते.

जीव घेणाऱ्या गोष्टी

जाळं आणि मासेमारीची तंगूसची दोरी. अडकलात हे कळलं की पहिली प्रतिक्रिया गोल फिरून सुटायची असते आणि तीच चूक, फिरलात की अजून गुंडाळलं जातं. थांबा, एक पाऊल मागे जा, हाताने कुठे अडकलंय ते शोधा, मग कापा. कापायची दोन साधनं हवीत, दोन्ही हातांनी पोचतील अशी, छातीच्या भागात. पायाला लावलेला मोठा चाकू फोटोत छान दिसतो, जाळ्यात पाय अडकला की तिथपर्यंत हात जात नाही. ट्रॉमा शिअर्स, म्हणजे रुग्णाचे कपडे कापायची कात्री असते ना, ती चाकूपेक्षा भारी काम करते, तिला टोक नसतं आणि बारीक तारही तुटते.

राखीव डायव्हर खाली जातो तो पहिल्याच्याच दोरीवरून, स्वतःचा कॅरबिनर तिच्यावर सरकवत, बरोबर जास्तीचा सिलिंडर घेऊन. पहिलं काम हवा देणं, सोडवणं नंतर. आणि पहिल्याची दोरी कापायची वेळ आलीच तर आधी दुसरी दोरी त्याला लावायची मग कापायची. हा क्रम उलटा झाला आणि हात सुटला तर तुमच्याकडे आता दोन शोध आहेत.

दाबातला फरक हा मला वैयक्तिकरीत्या सगळ्यात भीतिदायक वाटणारा प्रकार, कारण तो दिसत नाही, ऐकू येत नाही, जवळ जाईपर्यंत जाणवतही नाही. धरणाची दारं, बंधाऱ्याची मोरी, पंपाचं तोंड, कालव्याचं गेट, कुठेही एका बाजूला पाणी जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असेल आणि मध्ये भोक असेल तर पाणी तिकडे खेचलं जातं. हिशोब करून बघा, पातळीत फक्त ३ मीटर फरक, भोक ३० बाय ३० सेंटीमीटर. दाबातला फरक दर चौरस सेंटीमीटरला ०.३ किलो, क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटीमीटर, म्हणजे त्या भोकावर तुमचं अंग बसलं की २७० किलोने दाबून धरलं जाणार. वरचे चार जण दोरी ओढून काढू शकत नाहीत, उलट ओढताना डायव्हरलाच इजा होते. उपाय एकच, उतरायच्या आधी दोन्ही बाजूंचं पाणी समान करून घ्या, पंप आणि गेटचा कंट्रोल लॉक करा, चावी सुपरवायझरच्या खिशात. "मी सांगून ठेवलंय, कोणी चालू करणार नाही" यावर विश्वास ठेवू नका.

प्रवाहाचं गणितही वाईट आहे, वेग दुप्पट झाला की अंगावरचा जोर चौपट. एक नॉट म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर, त्याच्या वर दोरीवरचा डायव्हर काम करू शकत नाही, तो फक्त पतंगासारखा लटकतो. पाण्यावर एक काडी टाका, ५ मीटर जायला १० सेकंदांपेक्षा कमी लागले तर थांबा.

गाडी पाण्यात असेल तर

आत शिरायचं नाही. जिवंत माणूस असण्याची खरी शक्यता असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही अंग बाहेर आणि हात आत. गाडी इंजिनाच्या बाजूने खाली जाते, आणि पाणी गाडीच्या लांबीपेक्षा खोल असेल तर उलटी पडण्याची शक्यता बरीच, त्यामुळे हाताला टप लागतो की चेसिस हे आधी ओळखा. उतारावर असेल तर ती अजून सरकू शकते, खालच्या बाजूला जाऊ नका. न फुटलेल्या एअरबॅग पाण्याखालीही फुटू शकतात.

बाहेर काढायच्या आधी हाताने वाचून घ्या आणि वर बोलून लिहवून घ्या: काचा वर की खाली, दारं लॉक आहेत का, गिअर कुठे, चावी आहे का, हेडलाइटचं बटण, सीटबेल्ट लावलेले की मोकळे, नंबर प्लेटवरचे आकडे उठावाचे असतील तर तेही बोटांनी वाचता येतात. क्रेनने ओढताना यातलं बरंच बदलतं आणि मग अपघात होता की कोणी ढकलली हे सांगणारा पुरावा गेला. उघड्या काचांवर जाळी लावा म्हणजे आतलं वाहून जाणार नाही. साखळी ॲक्सलला किंवा चेसिसला, बंपरला कधीच नाही. आणि पाण्याबाहेर येताना हळू, एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, ते निथळू द्या.

मुद्देमाल

पाण्यात पडलं म्हणजे बोटांचे ठसे, डीएनए सगळं गेलं, हा समज अजून पोलिसांतही आहे. नेहमीच जात नाही. जातं ते बऱ्याचदा आपण वर आणून कापडाने पुसल्यावर. वस्तू सापडली की ३ ओढी, मग तिथेच थांबा. मार्कर बॉय, जीपीएस, खोली, कुठल्या दिशेला तोंड करून होती, गाळात किती रुतली होती. दिसत असेल तर फोटो.

पिस्तूल कायम भरलेलं आहे असं समजूनच हात लावायचा. ट्रिगरच्या भागापासून बोटं लांब, नळी स्वतःपासून आणि टेंडरपासून दुसरीकडे, नळीत काठी पेन काही घालायचं नाही. खालीच झाकण असलेल्या प्लास्टिकच्या डब्यात किंवा पाइपमध्ये तिथल्याच पाण्यासकट ठेवायचं आणि तसंच लॅबला द्यायचं. पाण्यात लोखंड सावकाश गंजतं पण ओलं असताना हवा लागली की तासाभरात डाग दिसायला लागतात. मोबाइलचंही तेच, पाण्यातच ठेवा, चालू करून बघू नका, तांदळात तर अजिबात नको. लोहचुंबकाने ओढून काढू नका, चरे पडतात. शेजारचा गाळ आणि पाण्याचा नमुना वेगळ्या बाटलीत घ्या, नंतर लॅबवाले विचारतातच.

मृतदेह असेल तर हलवायच्या आधी हातांवर कापडी किंवा जाळीची पिशवी बांधा, नखांखालचं वाहून जाऊ नये म्हणून. पालथा होता की उताणा, कशात अडकला होता, अंगाला वजन बांधलंय का. गाठ सोडायची नाही, गाठीपासून लांब दोरी कापायची, गाठ बांधणारा कोण होता ते गाठ सांगू शकते. बॅग पाण्याखालीच भरायची, पाणी निथळेल आणि केस धागे आत राहतील अशी जाळीची. वर आणताना काठाकडच्या बाजूला ताडपत्री धरा. टीमपैकी एकाने फक्त नातेवाइकांजवळ उभं राहायचं, त्याचं दुसरं काम नाही. आणि काठावर हसू नका, चेष्टा करू नका, पाण्यावरून आवाज फार लांब जातो.

जिवंत काढलात तर पोटातलं पाणी काढायला उलटं धरायचं नाही, पोट दाबायचं नाही. श्वास नसेल तर युरोपातल्या पद्धतीप्रमाणे आधी ५ श्वास, मग ३० दाब आणि २ श्वास असं चालू ठेवायचं, शॉक द्यायचं मशीन आलं की छाती पुसून कोरडी करायची. शुद्धीवर आला तरी हॉस्पिटल.

वर आल्यावर

डायव्हरने लगेच मास्क काढायचा नाही. गटार, शेतातली औषधं, गाडीतलं डिझेल, मेलेली जनावरं, सगळं त्या पाण्यात असतं. तो अजून सिलिंडरवरच श्वास घेतोय तोवर साध्या पाण्याने, मग साबणाच्या पाण्याने ब्रशने डोक्यापासून पायापर्यंत घासा, पुन्हा पाणी, मास्क सगळ्यात शेवटी. यासाठीची हवा वरच्या हिशोबात धरली नव्हती ना, धरा. म्हणूनच वेटसूट मला या कामात पटत नाही, तो पाणी अंगाला लावूनच ठेवतो. घासणाऱ्यालाही हातमोजे आणि चष्मा. दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला सांगा की मी अशा पाण्यात उतरलो होतो, लेप्टोचा, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा, विचार त्याच्या डोक्यात नाहीतर येणार नाही.

अंधारात हाताला जे लागतं ते डोळ्याला दिसलेल्यापेक्षा जास्त दिवस राहतं, लहान मुलाचा हात असेल तर फारच. त्याच रात्री टीमने एकत्र बसावं, काय झालं ते प्रत्येकाने सांगावं, टेंडरनेसुद्धा. पुढचे काही दिवस कोणी गप्प गप्प असेल, झोप नसेल तर त्याला पुढच्या कॉलला उतरवू नका, काठावरचं काम द्या, आणि बोलणाऱ्या माणसाकडे पाठवा.

शेवटी दोरी. ती गोड्या पाण्यात धुवून, हातातून पूर्ण लांबी सरकवत तपासायची, कुठे कापली आहे का, कुठे कडक झालीये का. मीटरच्या खुणा पुसट झाल्या असतील तर आजच पुन्हा करा, रात्री दोनला कॉल आल्यावर मार्कर सापडत नाही.